वाल्वकाकांचा डबा

चालू मशीनमध्ये हात घालायची वेळ आली की वाल्वकाका दुसरा हात पँटच्या खिशात कोंबायचे. आत एकच हात जायचा, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही, हा नियम. त्या एका हातानं ते जे करायचे, ते तुम्हाआम्हाला चार हातांनी जमणार नाही. खिशातला हात बाहेर येतो का बघायला मी दहिसरच्या त्यांच्या चाळीत अख्खा मे महिना बसलो होतो. पँटचा खिसा फाटला, हात निघाला नाही.

काका प्रीअँप बनवायचे. माईकमधला बारीक आवाज मोठा करून पुढे पाठवणारा डबा. पुढे गोल खिडकी, आत जुन्या रेडिओतला काचेचा वाल्व, नारिंगी पेटलेला. दहिसर ते अंधेरी, स्वयंपाकघरात थाटलेल्या स्टुडिओतसुद्धा काकांचा डबा असायचाच. माझा स्टुडिओ गोरेगावात, कपाटाएवढा; गायक आत शिरला की मी श्वास बाहेर जाऊन घ्यायचो. पण आवाज? स्टुडिओच्या खिडकीतलं कबूतर त्या डब्यातून घुमलं तेव्हा शेजारच्या वहिनींना माहेर आठवलं होतं! "वाल्वची ऊब आहे ही, यार," असं मी गावभर सांगत फिरायचो.

डबा कुणी उघडला तर कळावं म्हणून काका स्क्रूंवर काकूंचं लाल नेलपॉलिश लावायचे. "रंग फुटलेलो दिसलो, तर मेल्या, तू माझो कोण नाय."

एक दिवस सारिका गात होती. ही मुलुंडहून केवळ त्या डब्यासाठी यायची. दुसऱ्या कडव्यात डब्याच्या खिडकीतला दिवा फडफडला आणि विझला. वाट लागली, म्हणत मी उठलो, आणि जागच्या जागी थिजलो. सारिका गातच होती. आवाज तोच. ऊबही तीच, तसूभर कमी नाही. मी हेडफोन काढला, कान पुसले, परत घातला. तेच! तिला दिसू नये म्हणून डब्यावर घाईघाईनं नॅपकिन टाकला.

रेकॉर्डिंग संपताच मी तडक दहिसरला. "काका, वाल्व जळला तरी आवाज चालू कसा?"

"चालूच रवतलो. आवाज ट्रान्झिस्टरातून जाता. वाल्व नुसतो पेटता."

मी लादीवरच बसलो. "आणि ती ऊब?"

"ती ट्रान्झिस्टरातून काढलंय. तीन वर्सां लागली माका."

"मग दिवा कशाला ठेवलात? सगळ्यांना फसवलंत ना!"

"दिवो नसलो तर तुमका गोड लागता?"

मी आणखी ओरडलो, "पण खरा वाल्व लावायला काय झालं होतं तुम्हाला?"

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "गावच्या दशावतारात थोरलो भाऊ माझो. मैदान ओलां, पायात काय नाय. त्येणा माईक धरल्यान आणि मशीनीतलो करंट त्येच्यात उतारलो. माईक हातातसून सुटाक नाय. मशीन माझी व्हती. खऱ्या वाल्वाक तीनशे व्होल्ट लागतत; गाणाऱ्याच्या तोंडाकडे परत ते मी ठेवचंय नाय."

काकांनी नवा वाल्व माझ्या हातात ठेवला. "जा, सांग सगळ्यांका."

सांगितलं असतं तर आठवड्यात काकांचं नाव पुसलं गेलं असतं. बायकोला तिच्या वाढदिवसाची भेट आदल्या दिवशीच सांगून टाकणारा मी. हे मात्र गिळलं.

यंदा काका गेले. तेराव्याला सगळे स्टुडिओवाले चाळीत जमलो. जो तो वाल्वचं कौतुक करत होता. माझा एकदाही बिघडला नाही, असं अंधेरीचा छाती ठोकून सांगत होता. मीही दोन थापा जास्तच मारल्या. एवढ्यात काकूंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून मधोमध ठेवला. आत कापसात गुंडाळलेले वाल्व.

"कोणाचो दिवो गेलो असात तर घेवन जावा. विझलेलो बरो दिसना नाय."

मी चोरासारखा हात पुढे केला. तो कुणाच्या तरी हातावर आपटला. अंधेरीच्या! मागून बोरिवलीचा आला, दहिसरचा आला. आवाज बंद पडल्याची तक्रार यांतल्या एकानंही कधी केली नव्हती. बघता बघता डब्यात हात मावेनात, आणि मान वर करून समोरच्याकडे बघायची एकाचीही छाती होईना.