दुपट्ट्याच्या घड्या

वंदनाताईंनी मला हाताला धरून नेटवर्कच्या खोलीत बसवलं, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं लिहिताना राग येईल आणि तेवढंच सांगायचं राहून जाईल. हिंगण्याच्या ज्या कारखान्यात त्या नेटवर्क सांभाळायच्या, तिथे मी ठेकेदाराकडून झाडू-पोछ्याला होते. शाळा आठवीत सुटलेली, माहेर देवगडकडचं, नवऱ्याच्या नोकरीमागे नागपुरात आलेली.

मागच्या महिन्यात ताई गेल्या. कळलं ते कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर दुसऱ्या पाळीच्या बसची वेळ बदलल्याची सूचना, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मध्ये ताई. लोकांनी हात जोडले आणि लगेच केकलाही टाळ्या दिल्या... शोकसभा झाली नाही. लाइन थांबवता येत नाही म्हणे.

ताई सावनेरकडच्या शेतकरी घरातल्या, इंजिनिअर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. उन्हाळ्यात स्कूटीवरून यायच्या तेव्हा तोंडाभोवती दुपट्टा असा गुंडाळलेला असायचा, की फक्त डोळे दिसत. आत आल्या की तो सोडायच्या, झटकायच्या आणि नीट घडी घालायच्या. एकदा फरशी पुसता पुसता मी त्यांच्या फळ्याकडे बघत राहिले. चार आकडे, मध्ये टिंबं, शेवटी तिरकी रेघ आणि चोवीस.

"काय पाहून राहिली वं?"

"ते चोवीस कशाला, ताई?"

त्यांनी दुपट्टा टेबलावर पसरला. कॉम्प्युटरचा पत्ता आतून बत्तीस खणांचा असतो, प्रत्येक खणात शून्य नाहीतर एक, असं त्यांनी सांगितलं. एकमेकींना जोडलेल्या मशिनींचा एक मोहल्ला; रेघेपुढचा आकडा म्हणजे सुरुवातीचे किती खण त्या सगळ्या मोहल्ल्याला सारखे, तो हिशेब. त्यांना हात लावायचा नाही. उरलेले खण एकेका मशिनीसाठी. चोवीस अडकले की आठ उरतात, त्यांतून दोनशे छप्पन्न पत्ते होतात. मग त्यांनी एक घडी घातली. "हे झालं पंचवीस. जागा अर्धी, एकशे अठ्ठावीस." अजून एक घडी. "सव्वीस. चौसष्ट. आकडा वाढला म्हणून खूश नाही व्हायचं. आकडा वाढला का जागा कमी होते."

मग रोज डबा खाताना शिकवू लागल्या. त्यांच्या हाताखाली मदतनिसाची जागा निघाली तेव्हा मला त्यांच्या वरच्या साहेबांपुढे उभं केलं. नापास झाले तर झाडूही जाईल, ही मला धास्ती. साहेबांनी विचारलं, सव्वीसमध्ये मशिनी किती बसतील? मी चौसष्ट म्हटलं. बासष्ट हवं होतं. पहिला पत्ता त्या मोहल्ल्याचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, ते दोन कुणाला देत नाहीत.

"आठवी ना?" साहेब हसले.

"दोन चुकले, सर. ते मी शिकवीन," ताई म्हणाल्या. "माझ्या जबाबदारीवर घ्या."

घेतलं. पण ती जबाबदारी साहेब विसरले नाहीत. बाई आपली माणसं भरते, असं बोललं जाऊ लागलं. दिवाळीनंतर ताईंच्या खोलीत पार्टिशन पडलं. "पंचवीस झाली वं मी," त्या हसल्या. मग त्या अर्ध्यातही कपाटं आली. शेवटी टेबल गेलं बॅटरीच्या खोलीत, जिथे सतत घरघर आणि गरम वारा. "हे अठ्ठावीस."

"ताई, माझ्यामुळे झालं हे."

"तू कोण वं एवढी मोठी? डबा उघड."

पुढे पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात गेले तेव्हा जनरल वॉर्डातली खाट, भोवती हिरवा पडदा. खूप बारीक झाल्या होत्या. "बत्तीस," त्या म्हणाल्या. "सगळे खण अडकले. एकच पत्ता, बाजूले कोणी नाही." मी निघताना त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म काढला, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा. "भरून टाक आता. काहून घाबरते? चौसष्ट सांगितले होते तू, शून्य नाही." तेच शेवटचं.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "बाईंच्या कॉम्प्युटरचा पत्ता मोकळा कर, नव्या प्रिंटरला लागतो." पत्ते कितीतरी रिकामे होते. मला ते माहीत होतं, त्यांनाही असावं. मी बोलले नाही, मोकळा केला. नोकरी आहे... आता ताईंच्या पत्त्यावर प्रिंटर आहे. त्यातून गेटपास निघतात.

बॅटरीच्या खोलीत त्यांच्या टेबलाशी सध्या मी बसते. दाराच्या मागच्या खिळ्याला त्यांचा दुपट्टा अजून आहे, घडी घातलेला. मी तो उलगडला नाही.

फॉर्म मी भरणार आहे, ताई. भीती वाटते, तरी भरीन. आणि कधीतरी फळ्याकडे बघत झाडू थांबलेली एखादी मुलगी दारात दिसली, तर हा दुपट्टा टेबलावर सगळा पसरीन आणि माझ्या टेबलाची अर्धी जागा तिला देईन. तुमचं ऋण तेव्हा थोडं फिटेल.