माझ्या हिरीचं पानी

"म्हण. पाणी."

बाईंच्या हातात स्टीलचा पेला. काठोकाठ भरलेला. मी त्यांच्या टेबलापाशी उभी. सातवीचा वर्ग, उन्हाळ्याचे दिवस, आमी पोरी खो-खो खेळून आलेलो. घसा नुसता कोरडा पडलेला.

"पानी," मी म्हनाले.

वर्ग हसला.

"पानी नाही गं. पाणी. जीभ वर ने, टाळूला लाव. ण. म्हण."

जीभ वर नेली. टाळूला लावली. भीतीनं ती तिथंच चिकटली. बाहेर काय आलं ते माझं मलाच कळलं न्हाई. पुढच्या बाकावरची एकजन तोंडावर हात धरून हसत व्हती. तिचे खांदे हलताना मला दिसत व्हते.

"हिला ण म्हणता येईल तेव्हाच हिला पाणी मिळेल," बाई म्हनाल्या. पेला टेबलावर ठेवला. वर झाकन म्हनून पुस्तक ठेवलं. मराठीचं.

तास संपला. पेला तसाच. बाहेर नळ व्हता, कुनी अडवलं न्हवतं. तरी जायची छाती झाली न्हाई. मला वाटलं नळ बी विचारंल. तशीच घरी गेले, पाच वाजता.

खोटं कशाला बोलू, बाई मारकुट्या न्हवत्या. लय चांगल्या म्हनून त्यांचं नाव व्हतं. सगळं हसत हसतच करायच्या.

आमी पिंजारी. मूळचे वडूजचे. आजा पिंजन खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजायला जायचा, पार औंधपर्यंत. अब्बांनी साताऱ्यात गाद्यांचं दुकान टाकलं आन् मला इथल्या शाळेत घातलं. घरात आमी मुसलमानी बोलतो. त्यात पानी म्हंजी पानी. वडूजला शेजारच्या मराठ्याच्या घरी बी पानी, माळ्याच्या घरी बी पानी. आख्खा गाव चुकीचं पीत व्हता, हे मला साताऱ्यात येऊन कळलं. ज्यांच्या घरी ण असतो त्यांच्या पोरी पुढच्या बाकावर बसायच्या. बाकीच्या आमी मागं.

त्या दिवसापास्नं मी भ्यायला लागले. शब्दाला भ्यायला लागले. बोलायच्या आधी मनात वाक्य पसरायचं, डाळीतला खडा वेचावा तसं ते एक अक्षर वेचून टाकायचं, मग तोंड उघडायचं. तहान लागली तर "तहान लागलीय" एवढंच म्हनायचं, पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. गनिताला मॅथ्स. कोन आलंय असं विचारायच्या ऐवजी "नाव काय?" मैत्रिनीच्या डब्यातलं लोनचं मला लय आवडायचं. कधी मागितलं न्हाई. कारन सांगायची वेळ आली की गप्प बसायचं. बाई म्हनायच्या, मुलगी शांत आहे. शांत कसली, घाबरट व्हते.

मग लिहायला लागले. लिहिताना कुनाला ऐकू येत न्हाई.

कोर्टासमोर टायपिंगच्या दुकानात मी नोकरी करते. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, प्राध्यापक लोकांचे प्रबंध. मोठमोठ्या मानसांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी काढते. त्यांना सांगत न्हाई, गपचूप काढते. तोंडानं ण टाळते, बोटांत तो हाय. गंमत हाय का न्हाई?

लोक विचारतात, जादूच्या, राक्षसांच्या कादंबऱ्या का लिहितीस? तुझ्या आजूबाजूला काय कमी हाय का लिहायला? खरं सांगू? घाबरट मानसाला सोताचं एक राज्य लागतं. तिथले नियम आपन करायचे. तिथं कुनी पेला घेऊन उभं ऱ्हात न्हाई.

माझ्या राज्याचं नाव तळकोट. तळकोटात सगळ्या हिरींवर दगडी झाकनं हायेत. झाकन उघडतं ते एका शब्दानं. तो शब्द जपायचं काम राजपंडितांचं. सात पिढ्या ते तो शब्द घोटून घोटून बरोब्बर म्हनतात, आन् सात पिढ्या हीर गप्प. मग येते रुई. पिंजाऱ्याची पोर. तिच्या हातात आज्याचं पिंजन. कापूस पिंजायची कमान, तीच तिचं हत्यार. शेवटच्या पानावर रुई हिरीवर येते. पंडित म्हनतात, पाणी. हीर हलत न्हाई. रुई म्हनते, पानी. आन् झाकन फुटतं. कारन हिरीला पाठ केलेला शब्द ऐकू येतच न्हाई, तहानलेल्या तोंडातला येतो. चार वर्सं मी ही कादंबरी लिहीत व्हते. ती सगळी त्या एका अक्षरावर उभी हाय.

टाइप केलेलं बाड आधी पोस्टानं पाठवलं, मग एसटीनं सांगलीला गेले. एका प्रकाशकाकडं. त्यांनी आधी वाचून ठेवलं व्हतं. चहा दिला. म्हनाले, "तुमच्याकडे खरं दुःख आहे. बुरखा, तलाक, त्यावर लिहा ना. जादूबिदू आमची मुलं लिहितील."

मी मान हलवली. भ्यालं की माझी मान आपोआप हलते.

"आणि शेवटच्या पानावर टायपिंगची चूक राहिली आहे. नायिका 'पानी' म्हणते. एवढं तरी तपासून पाठवायचं."

चार वर्सं. चार वर्सं ज्या एका शब्दासाठी लिहिलं तो त्यांना चूक वाटला. मी सांगायला पायजे व्हतं. "साहेब, तीच तर कादंबरी हाय," एवढं वाक्य. त्यात ण बी न्हाई. पन सातवीतला वर्ग समोर आला. पेल्यावर पुस्तक ठेवलेलं मला दिसलं.

"चूक झाली सर," मी म्हनाले.

परत येताना एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले आन् ठरवलं, सोताच छापायचं. अक्षरजुळनी मला येते, पानं लावायला येतात. मुखपृष्ठावर आज्याच्या पिंजनाचा फोटो, आमच्या दुकानातल्या खिळ्यावरचा. अब्बांनी ते खास पुसून दिलं. सगळं झालं. फाइल छापखान्यात द्यायच्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरपुढं बसले आन् फाइल परत उघडली.

सगळ्यांनाच ती चूक वाटली तर? वाचनारा म्हनला, हिला साधं मराठी येत न्हाई, तर? मुसलमानाची हाय, कुठनं येनार, असं म्हनला तर?

शब्द बदलायची खिडकी उघडली. शोधा: पानी. त्याजागी: पाणी. खाली एक बटन असतं. सगळे बदला.

दाबलं.

माझ्या हातानं. कुनी जबरदस्ती केली न्हाई, कुनी जवळ बी न्हवतं. पुस्तक छापून आलं. पंडित म्हनतात पाणी, हीर गप्प. रुई म्हनते पाणी, झाकन फुटतं. का फुटतं? कुनाला ठाऊक. मी पान उघडून बघितलंच न्हाई. बघायचं भ्या वाटत व्हतं.

पुस्तक आल्यावर थोड्याच दिवसांत फोन आला. औंधचे एक निवृत्त सुभेदार. आवाज खनखनीत.

"आवं ताई, पुस्तक लय भारी हाय. दोन दिवसांत उरकलं. पन येक इचारू का? ती पंडितं बी पानी म्हनत्यात आन् आपली पोरगी बी पानीच म्हनती. मग हिच्याच हाकंला हीर कशी काय उघडली?"

काकांच्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच, वडूजवानी. तरी चूक त्यांनीच धरली.

"छपाईची चूक हाय काका."

"मग बरूबर काय ते सांगा की."

मी रेंज न्हाई म्हनाले आन् फोन ठेवला. सांगलीत बरोबर व्हतं त्याला मी चूक म्हनाले, आन् आता केलेली चूक छापखान्यावर ढकलली. भित्र्या मानसाला खोटं किती सहज बोलता येतं बघा.

मग वाचनालयाचं बोलावनं आलं. स्थानिक लेखिका, कादंबरीवर गप्पा, शेवटी वाचन. मोबाईलवर निमंत्रनपत्रिका. अध्यक्षांचं नाव वाचलं आन् मोबाईल उलटा ठेवला. बाई. सातवीच्या बाई. आता निवृत्त, वाचनालयाच्या कमिटीवर.

ताप आलाय म्हनून कळवावं, असं मी घरी बोलले. अब्बा सुई-दोरा घेऊन गादीला टाके घालत व्हते. वर न बघता म्हनाले, "जा गे बेटी. मैं बी आतौं संगात."

दिवेलागनीच्या आधीचा कार्यक्रम. पन्नासेक मानसं. अब्बा दुसऱ्या रांगेत, धुतलेला पांढरा सदरा घालून. मागं एक ताठ बसलेले म्हातारे, मिशीवाले. त्यांनी हात वर करून सलाम केला तवा कळलं, हेच सुभेदार. औंधहून एसटीनं आलेले. माझ्यापुढं टेबल, टेबलावर काचेचा ग्लास. त्यावर झाकन. माझी नजर सारखी तिकडंच.

बाई माईकवर गेल्या. केस पांढरे झालेले, हसू तेच.

"ही माझी विद्यार्थिनी बरं का. एक गंमत सांगते. हिला पाणी म्हणता येत नव्हतं! पाणी!"

लोक हसले.

"मग काय, मी पेला समोर ठेवला. म्हटलं, ण म्हण, मग पी. असा घोटून घेतला हो मी हिचा ण. म्हणून आज ही कादंबरी."

टाळ्या. अब्बांनी बी वाजवल्या. जोरात वाजवल्या, अभिमानानं. त्यांना काय माहीत? मी घरी कधी सांगितलंच न्हवतं. माझ्या बापाला माझ्या अपमानावर टाळ्या वाजवताना मी बघितलं आन् मला रडू यायला लागलं.

"वाच बाळ. शेवटचं पान."

उभी राहिले. पुस्तक टेबलाला टेकवलं. वाचायला लागले.

"रुई विहिरीच्या काठाशी आली. तिचे ओठ फुटले होते. मागे पंडित हसत उभे होते. तिने वाकून विहिरीत हाक मारली..."

पुढचा शब्द पानावर छापलेला. ण सकट.

आता एक सांगते, ते नीट ऐका. मला तो शब्द त्या दिवशी म्हनता आला असता. इतकी वर्सं आरशापुढं, न्हानीघरात, चुलीपुढं घोटून घोटून ण मला आता येतो. बाईंच्या इतका चांगला येतो. म्हटलं असतं तर सगळे खूश. कार्यक्रम छान झाला असता. आन् कधी एकदा म्हनते आन् खाली बसते, असं झालेलं.

"पानी," मी म्हनाले.

बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. हसून, हळूच, पन माईक चालूच व्हता. "पाणी."

लोक परत हसले.

"न्हाई बाई. पानी."

"अगं, छापलंय ते वाच ना."

"छापलंय ते चूक हाय. मीच केली. तुमच्या भ्यानं."

मी बोलत ऱ्हायले. पंडितांचा शब्द कुठला, रुईचा कुठला, मी फाइल द्यायच्या दिवशी काय केलं, सगळं सांगितलं. वाक्य आधी मनात पसरलं न्हाई. खडे वेचले न्हाईत. जसं आलं तसं बोलले.

मागनं सुभेदार ओरडले, "आत्ता कळलं गड्या! म्हनून उघडली व्हय हीर!"

दोन-चार जन हसले, पन हे हसू निराळं व्हतं. पुढच्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. बाईंचा चेहरा उतरला. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं," त्या म्हनाल्या.

"मला तहान लागली व्हती बाई."

अब्बांकडं बघितलं. त्यांचे हात मांडीवर पडलेले. त्यांना कळलं व्हतं. मी टेबलावरच्या ग्लासचं झाकन काढलं आन् सगळ्यांपुढं घटाघटा प्याले. अर्धं अंगावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातनं फोन आला. पुस्तक शाळांना सुचवायचं ठरलं व्हतं, ते आता सुचवता येनार न्हाई. भाषेचा प्रश्न आहे, म्हनाले. मी बरं म्हनाले. भीती कुठं जाते? ती अजून हाय. उद्या कुनी बोलवलं तर आदल्या दिवशी परत ताप आलाय म्हनून कळवावंसं वाटंल.

पन त्या दुपारपास्नं दुकानात गाद्यांच्या थप्पीवर बसून मी उरलेल्या प्रती काढल्या. काळं पेन घेतलं. शेवटच्या पानावर रुईच्या तोंडचा ण खोडला, वर न लिहिला. एकेका प्रतीत. अब्बा शेजारी बसून पान उघडून धरत व्हते. एकदाच म्हनाले, "तवाच बोलना था गे." मी पुढची प्रत त्यांच्याकडं सरकवली. पंडितांच्या तोंडचा ण तसाच ठेवला. पहिली दुरुस्त प्रत औंधला पाठवली. दुसरी सांगलीला, त्या प्रकाशकांना. आत चिठ्ठी घातली: चूक झाली न्हवती.

आता दुसरी कादंबरी लिहितेय. तिच्यात राजा हाय, रानी हाय, आख्खा दरबार हाय, आन् सगळे माझ्यासारखे बोलतात. दुरुस्त करून मागनाऱ्याला ती मिळनार न्हाई.

हे जे आत्ता तुमी वाचलंत ते परत एकदा वाचून बघा. ण जिथं आलाय तिथं तो बाईंचा हाय, पंडितांचा हाय, प्रकाशकांचा हाय, न्हाईतर माझ्या भीतीचा. बाकी सगळं माझं. ही टायपिंगची चूक न्हाई. हे छापनाऱ्यानं एक अक्षर बदलायचं न्हाई.