बीमच्या खालच्या सळ्या

१२ फेब्रुवारीला आमच्या ऑफिसचे ४७,२५० रुपयांचे बिल परत आले. आमच्या इंजिनिअर बाईंनी केलेल्या शाळेच्या इमारतीच्या डिझाइनमध्ये बीमचे आकडेच चुकले आहेत, असा तपासनीस इंजिनिअरसाहेबांचा शेरा होता. मी या ऑफिसचा हिशेबनीस. मुलांसाठी बरीच वर्षे घरी राहून बाई नुकत्याच कामावर परतल्या होत्या. शेरा कायम राहिला, तर त्यांना पुन्हा नकाशे उतरवायला बसवायचे, असे मालकांनी ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले.

"बाई, भूकंपात बीम वाकवणारे तुमचे सगळे आकडे अधिक, एकही उणा नाही. बीमच्या दोन टोकांच्या आकड्यांचा मेळही नाही. बीमला वजाबाकी शिकवली नाही का?"

"शिकवली होती, साहेब. कॉम्प्युटरनं विसरायला लावली."

इमारत अनेक तऱ्हांनी डोलते. बाईंनी पडद्यावर त्यातली एकच तऱ्हा उघडली. डावे टोक अधिक, उजवे उणे, मेळ चोख.

"या तऱ्हा एकत्र करताना प्रोग्राम प्रत्येक आकड्याचा वर्ग करतो आणि बेरजेचं वर्गमूळ काढतो. उणं चिन्ह तिथंच संपलं."

साहेबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. "बरं. पण मेळ?"

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, वर्षातली सगळ्यात मोठी जमा आणि सगळ्यात मोठा खर्च एकाच दिवशी येतात?"

"नाही."

"मग त्या दोन आकड्यांचा मेळ घालाल?"

"घातला तर नोकरी जाईल."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. "हे आकडेही तसेच, साहेब. प्रत्येक आकडा कमाल होतो तो क्षण वेगळा. म्हणून मी प्रत्येक आकडा एकदा अधिक आणि एकदा उणा धरून तपासलाय. जमीन एकाच बाजूला थोडीच हलते? उलट हलली की कॉलमजवळ बीमची खालची बाजू ताणली जाते; तिथल्या खालच्या सळ्या त्यासाठीच आहेत."

नेमक्या याच सळ्यांना साहेबांनी 'जादा' म्हणून लाल गोल केला होता. त्यांनी आणखी दोन बीम स्वतः तपासले, गोल खोडला आणि सही केली.

"सोमवारी आमच्या ऑफिसात या. आमच्या नव्या इंजिनिअर पोरांना हे शिकवा. मी मागच्या बाकावर बसेन."

मालकांनी त्याच संध्याकाळी रुग्णालयाचे अख्खे काम बाईंच्या टेबलावर ठेवले. त्या नकाशांवर बाईंनी स्वतःची सही केली, पूर्ण नावानिशी, चांगली ठसठशीत. बिल महिनाअखेरीस पूर्ण जमा झाले.

मंजुरी मिळाली तर सगळ्यांना चहा आपला, असे बाई म्हणाल्या होत्या. गडबडीत चहाचे ऐंशी रुपये मी दिले. ते अजून येणे आहेत.