घाटातल्या वळणावर बंद पडणारी गाडी

धडगावकडच्या एका पाड्यावर मी बाळांना लस टोचत होते तेव्हा फोन आला. पलीकडे तळोद्याहून नानांच्या पत्नी, काकू होत्या. “नाना सकायमाच गयात, बेन,” एवढंच म्हणाल्या. हातातल्या बाळाला लस टोचून झाली, पुढचं घेतलं, आणि मग सिरिंज ठेवून बाहेर येऊन उभी राहिले...

नाना म्हणजे तळोद्यातले मोटारसायकल मेकॅनिक. मी नर्स, माहेर म्हसावदचं, नोकरी डोंगरात. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीने मला अगदी रडकुंडीला आणलं होतं. वेग कमी केला की इंजिन बंद. तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, उभ्या गाडीतला इंजिनचा वेग वाढवून दिला. दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. एकदा उतारावरच्या वळणावर गाडी बंद पडली आणि मागून माणसांनी भरलेली जीप आली. ड्रायव्हरने ती दरडीला घासत नेली म्हणून मी वाचले. त्या संध्याकाळी वडिलांनी स्पष्ट सांगितलं, “बदली माग, नईतं नोकरी सोड.” बदलीचा अर्ज लिहिला. द्यायला जाताना तळोद्यात गाडी पुन्हा बंद पडली, ती नेमकी नानांच्या दारात.

त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. “कोठे बंद पडस?”

“घाटमा. हळू करी का पडस.”

“आनि सरळ रस्तावर?”

“तठे हळू करानं कामच पडत नई.”

नाना एकदम ताठ बसले. डोळे चमकले. “हळू व्हवानं आनि वळानं, दोन वाता शेतस, बेन. तू एकच समजी ऱ्हायनी!” आणि साठी उलटलेला तो माणूस टुणकन माझ्या मागे बसला. “चाल!”

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यांनी मला सहा वेळा वेग कमी करायला लावला. गाडी बंद पडली नाही. मग गाडी जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, त्यांनी हँडल सावकाश डावीकडे वळवलं. चालू. उजवीकडे वळवलं... बंद! पुन्हा करून पाहिलं. पुन्हा बंद! म्हणजे नानांच्या दारातही मी उजवीकडेच वळत होते! हेडलाइटच्या मागे, हँडलच्या मानेपाशी, चावीकडे जाणारी एक वायर वळून वळून आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत, म्हणून कोणालाच दिसली नव्हती. नानांनी ती तिथेच कापली, जोडली, टेप गुंडाळली.

एक वळण करून परत यायचं ठरलं होतं. आम्ही थेट घाटमाथ्यापर्यंत गेलो. प्रत्येक उजव्या वळणावर नाना मागून ओरडत होते, “चालू शे! चालू शे!” आणि मी हसत होते. अर्ज पर्समध्येच चुरगळला. आजही मी त्याच पाड्यांवर जाते.

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेले. गॅरेजमध्ये कोण्या शेतकऱ्याची गाडी अर्धवट पडून होती. “वेग कमी केला की बंद पडते” हीच तक्रार, काकूंनी सांगितली. हँडल वळवून पाहिलं, दोन्हीकडे चालू. म्हणजे दुखणं वेगळं! मला राहवेना. साडीचा पदर खोचला. नानांना एकदा करताना पाहिलं होतं तसं, इंजिन चालू करून कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर पाण्याचे थेंब टाकत गेले. एका जागी पाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनचा आवाज बदलला. जोडाला केसाएवढी चीर होती, तिथून हवा शिरत होती.

“सापडलं!” मी ओरडलेच.

काकू पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या. मला वाटलं, रडतील. पण त्या लुगडं सावरून माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

“कोठे? माले बी दखाड.”