काळ्या टेपची शेपटी

माझा उस्ताद वायरीच्या सांध्यावर टेप गुंडाळली की शेवटचं टोक दुमडून बारीक शेपटी सोडायचा, पुन्हा सोडवायला बरी म्हणून. खोपटच्या क्रेन गॅरेजात ही सवय त्याची एकट्याची. मी तिथे इलेक्ट्रिशियन होते. वायरिंगचा डायग्राम उघडून बसले की तो हसायचा, "कागद वाचून क्रेन चालते का गं?"

एकदा क्रेनचा हुक वर चढत गेला, बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकावर आदळला, दोर तुटला आणि सळ्यांचा गठ्ठा खाली आला. माणसं नशिबाने वाचली. हुक टोकाशी पोचला की त्याला थांबवणारा एक स्विच असतो. तो का चालला नाही, असं मालकाने विचारलं, तर उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाला, "काल हिनेच हात लावलेला." मी डायग्राम दाखवत राहिले, पण बघतंय कोण? मला काढलं. पुढे ठाण्यातल्या ज्या गॅरेजात जावं तिथे ती गोष्ट माझ्या आधी पोचलेली असायची. कोपरीच्या घरात पोळ्या लाटतानासुद्धा मी त्या माणसाला शिव्या घालायचे.

हल्ली मी स्वतःची कामं घेते. मध्यंतरी टिटवाळ्याच्या एका साईटवरून फोन आला, क्रेनचा हुक वर जात नाही, फ्यूज सारखा उडतोय. गेले तर मालक तोच, आणि उडालेल्या फ्यूजांच्या ढिगापाशी उस्ताद घामाघूम.

मी डायग्राम पसरला. त्या फ्यूजपासून निघालेली रेघ बोटाने धरली. आधी केबिनमधलं बटण, मग बूमच्या टोकाचा स्विच, मग हुक उचलणारा व्हॉल्व्ह. एकेक भाग सोडवून फ्यूज लावत गेले. टोकाकडची वायर सोडवली आणि फ्यूज टिकला. बूम खाली घ्यायला लावला. स्विच डायरेक्ट केलेला, म्हणजे त्याला वगळून वायरी थेट जोडलेल्या. त्याच घासून उघड्या पडल्या होत्या आणि लोखंडाला टेकत होत्या. सांध्यावर काळी टेप होती, आणि टेपला शेपटी.

"पोरी, मालकाला नको सांगू," उस्ताद पुटपुटला. "स्विच काम अडवतो म्हणून ऑपरेटर कटकट करतात गं."

मी मालकाला हाक मारली. सांधा दाखवला, तोडला, स्विच नीट जोडला आणि फ्यूज मुठीत धरून उभी राहिले. "उस्ताद, तेव्हा दोर कशाने तुटला ते सांगा. मग फ्यूज बसवते."

"जाऊ दे ना ताई, झालं गेलं," मालक म्हणाला.

"मला नाही जाऊ द्यायचं."

सगळी साईट खोळंबली होती. उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाला, "तेव्हापण मीच डायरेक्ट केलेला."

"मोठ्याने."

तो मोठ्याने म्हणाला. स्लॅबवरचे गवंडीसुद्धा वळून बघायला लागले.

मी फ्यूज बसवला. हुक वर गेला आणि टोकाच्या हातभर खाली थांबला, थांबायला हवा तिथेच. उस्तादाने मान वर केली नाही. बराच म्हातारा झालाय तो. अशा वेळी दया येते म्हणतात. मला नाही आली.