मेतकुटातली किल्ली

माझ्या सासूबाईंनी गेल्या वर्षी स्वतःच्या एकुलत्या एका मुलाला पोलिसांच्या हवाली करायची तयारी केली होती, आणि त्याला कारण मेतकूट.

हे समजायला आधी माझा छंद सांगावा लागेल. आमच्या मिल्टन कीन्समधल्या मराठी बायका फावल्या वेळात काय काय करतात. कुणी कथक शिकवते, कुणी पाव भाजते, कुणी घरामागच्या चार फुटांत मेथी लावते. मी जुन्या लष्करी रायफली जमवते आणि रविवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन चालवते. (जमवते म्हणजे दोनच आहेत. पण तिसरीवर डोळा आहे, म्हणून वर्तमानकाळ.) एक स्वीडनची, आणि दुसरी आपली थ्री-नॉट-थ्री, महायुद्धातली. तिच्या लाकडी दस्त्यावर कुणीतरी टोकदार वस्तूने दोन अक्षरं कोरली आहेत. तो कोण होता, घरी परतला का, हे मला कधीच कळणार नाही. पण रेंजवर आडवं पडून गालाला तो दस्ता टेकवला की त्याची आठवण येते, श्वास आपोआप लांब होतो आणि आठवडाभराच्या मीटिंगा डोक्यातून निघून जातात. मग मी चाप ओढते आणि गोळी कुठेतरी जाते.

कुठेतरी म्हणजे एकदा दहापैकी सहा गोळ्या शेजारी नेम धरून पडलेल्या गृहस्थांच्या निशाणाच्या कागदावर गेल्या. त्यांचा त्या दिवशी क्लबात दुसरा नंबर आला. अजून मला ख्रिसमस कार्ड पाठवतात.

तर, या देशात रायफल ठेवायची म्हणजे पोलिसांचा परवाना लागतो, भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट लागतं, आणि त्याची किल्ली परवानाधारकाशिवाय घरात कुणालाही मिळता कामा नये. नवऱ्यालासुद्धा नाही. शिवाय घरात रायफली आहेत याचा गवगवा करू नका, असंही परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने बजावलं होतं, म्हणून सासरी कधी सांगितलं नव्हतं. मी नियम पाळणारी बाई आहे. रात्री रिकाम्या राउंडअबाउटवरसुद्धा इंडिकेटर देते. त्यामुळे मी किल्ली अशा जागी ठेवली जिथे माझा नवरा निखिल जन्मात हात घालणार नाही, ती जागा म्हणजे मेतकुटाची बरणी. निखिलला मेतकुटाचा वास आला तरी तो खिडकी उघडतो.

व्यवस्था उत्तम होती. फक्त साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार आणि आल्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांचं होणार, एवढं माझ्या हिशेबात नव्हतं.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात बरणी रिकामी केली. जुनं मेतकूट बागेत टाकलं, येताना आणलेलं ताजं भरायला घेतलं, आणि तळाशी त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली किल्ली सापडली. किल्ली होती तशी परत तळाशी ठेवली, वर मेतकूट भरलं आणि विचार करू लागल्या. त्या काय विचार करत होत्या हे आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण आम्ही दोघं तेव्हा किती बावळट होतो हे त्याशिवाय कळणार नाही.

छोट्या खोलीतल्या वॉर्डरोबच्या आत कुलूपबंद कपाट. त्याची किल्ली सुनेने लपवलेली, आणि तीही नेमकी जिथे मुलगा बघणार नाही अशा जागी. म्हणजे सून मुलापासून काहीतरी लपवते आहे. पण का?

उत्तर त्यांना लवकरच मिळालं. दिवाळीचा ब्लाउज बेतायला मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि त्यांना माझा उजवा खांदा दिसला. थ्री-नॉट-थ्रीचा धक्का खेचराच्या लाथेसारखा बसतो. आदल्याच दिवशी मी रेंजवर होते, आणि खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता.

"हे काय गं?"

"काही नाही आई. दाराला धडकले."

जगात इतकी उत्तरं असताना मी हे उत्तर दिलं. सासूबाईंनी मेजर टेप गुंडाळली आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं. दाराला, तर दाराला."

त्यानंतर त्यांचं बारीक लक्ष सुरू झालं. रविवारी "क्लबला जाते" म्हणून गेलेली सून थकून घरी येते. केटलभर उकळतं पाणी, नरसाळं आणि फडक्याच्या चिंध्या घेऊन छोट्या खोलीत जाते आणि दार आतून लावून घेते. (लष्कराने विकून टाकलेल्या जुन्या गोळ्यांतला क्षार रायफलची नळी गंजवतो, म्हणून नरसाळ्याने उकळतं पाणी ओतून ती धुवायची असते.) बाहेर येते तेव्हा हाताला जवसाच्या तेलाचा वास. (तो दस्त्याच्या लाकडासाठी.) सासूबाईंनी शेक, पट्ट्या आणि तेल अशी बेरीज केली, आणि त्यांच्या पोटच्या मुलाचा निकाल लागला.

निखिलला कळेना की आपल्याला तूप का मिळत नाही. माझ्या पोळीवर ते ओघळायचं, त्याची पोळी कोरडी. माझ्या ताटात खीर, त्याच्या ताटात कालची गवार.

"आई, चिडलीयेस का?"

"तुला लाज वाटते का?"

"कशाची?"

"विचार कर आणि सांग."

बिचाऱ्याने खरंच विचार केला. "ओला टॉवेल बेडवर टाकतो, त्याची?"

सासूबाईंनी अशा नजरेने पाहिलं की तो उठून टॉवेल वाळत घालायला गेला. मला वाटलं, मायलेकांचं साताऱ्याच्या घरावरून काहीतरी बिनसलं असणार. दुसऱ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून मी तूप लावलेली पोळी खात राहिले.

शेवटी निखिलने आईला खूश करायचं ठरवलं. एका सकाळी तो लाडात येऊन म्हणाला, "आई, आज मऊ भात आणि तुझं मेतकूट करशील?"

चाळीस वर्षं मेतकुटाला नाक मुरडणारा माणूस आपणहून मेतकूट मागतो! सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. याला किल्लीचा सुगावा लागला, दुसरं काय? त्यांनी त्याला भात वाढला, मेतकूट स्वतःच्या हाताने वरचं वर काढून घातलं, आणि तो ऑफिसला निघताच किल्ली काढून आपल्या कमरेच्या बटव्यात ठेवली. इकडे मी बेसावध. क्लबाला सुट्टी होती, त्यामुळे बरणीकडे फिरकलेच नव्हते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी पोलिसांचा माणूस घरी यायचा होता. त्याच्या एका शब्दावर माझ्या दोन्ही रायफली राहणार की जाणार हे ठरणार होतं. मी पडदे धुतले होते. (पडद्यांचा संबंध काय, असं निखिलने विचारलं. संबंध नव्हता.)

बेल वाजली. दार उघडलं सासूबाईंनी. बाहेर कोट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला उंच गृहस्थ. तो नम्रपणे म्हणाला की मी पोलिसांकडून आलोय, मधुरा यांना (म्हणजे मला) भेटायचंय.

सासूबाईंनी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. त्यांच्या दृष्टीने सुनेने शेवटी धीर करून पोलीस बोलावले होते.

चहा आला, त्या दिवशी घरीच थांबलेला निखिलही कप घेऊन बसला. दोन-चार प्रश्न झाल्यावर अधिकारी म्हणाला, "शॅल वी हॅव अ लुक ॲट द कॅबिनेट?"

"शुअर," म्हणून मी किल्ली आणायला गेले. बरणीत बोटं घातली, मग मनगट. मग बरणी परातीत पालथी केली. मेतकूटच मेतकूट, किल्ली कुठेच नाही. मी कोपरापर्यंत पिवळा हात घेऊन दिवाणखान्याच्या दारात येऊन उभी राहिले. परवाना गेला हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा सासूबाई उठल्या. बटव्यातून किल्ली काढून माझ्या पिवळ्या तळहातावर ठेवली.

"घे. हा मेतकूट मागायला लागला तेव्हाच काढून ठेवली होती. आता साहेबांना सगळं सांग. घाबरू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे."

"काय सांगू, आई?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि सूत्रं हातात घेतली. अधिकाऱ्याकडे वळून, निखिलकडे बोट दाखवून, माहीत होतं तेवढं इंग्रजी एकत्र करून म्हणाल्या, "माय सन. बॅड मॅन. यू टेक."

निखिलचं बिस्किट चहात पडलं.

अधिकाऱ्याने चहा बाजूला ठेवला. अशा गोष्टीवर या देशात कुणी हसत नाही, आणि हसूही नये. त्याने मला वेगळं बोलावून शांतपणे विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. मी खांद्याचं सांगितलं, दाराचं सांगितलं, मेतकुटाचं सांगितलं. मेतकूट म्हणजे काय हे समजावताना मला घाम फुटला. मग तो म्हणाला, हे सगळं त्या बाईंना दाखवा, माझ्यासमोर.

आम्ही चौघं त्या छोट्या खोलीत कसेबसे मावलो. मी कपाट उघडलं. सासूबाई पाटल्या, तोडे किंवा निदान पासपोर्ट दिसेल म्हणून पुढे वाकल्या होत्या. मी थ्री-नॉट-थ्री बाहेर काढली, रिकामी असल्याचं अधिकाऱ्याला दाखवलं आणि खांद्याला लावली. सासूबाईंनी जवळ येऊन हळूच माझ्या खांद्यावर, जिथे दस्ता टेकला होता तिथे, बोट ठेवलं.

"इथेच," त्या म्हणाल्या.

"हो, इथेच."

"आणि तो शेक?"

"नळी धुते, आई."

"तेल?"

"लाकडाला."

त्या तिथेच स्टुलावर बसल्या. निखिलकडे बघत त्यांनी पदराने डोळे पुसले. निखिल म्हणाला, "आई, अगं मला एकदा विचारायचंस तरी."

"तू खोटं बोलला असतास तर?" त्या म्हणाल्या. "मग मी काय केलं असतं?"

मला भरून आलं, हे सांगायला लाज कसली? माझ्या खांद्याच्या एका डागासाठी या बाईने आपला मुलगा द्यायची तयारी केली होती, आणि त्या काळात रोज त्याच्या पानात कोरडी पोळी वाढताना तिला किती जड जात असेल, ते मी तूप चाटत असताना माझ्या गावीही नव्हतं.

किल्लीबद्दल मात्र अधिकाऱ्याने मला चांगलंच फैलावर घेतलं. रायफली क्लबाच्या शस्त्रागारात गेल्या, आणि आकड्यांचं कुलूप बसवेपर्यंत परत मिळणार नाहीत असं त्याने बजावलं. जाताना दारात थांबून तो सासूबाईंकडे बघत मला म्हणाला, की इतकी वर्षं मी आयांना त्यांच्या मुलांबद्दल विचारत आलोय. सगळ्या म्हणतात, माझा मुलगा तसा नाही. आज पहिल्यांदाच उलटं ऐकलं. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी त्याला डबाभर चकल्या दिल्या, आणि नियमात बसत नाही म्हणून त्याने फक्त एक घेतली.

आकड्यांचं कुलूप बसलं, परवाना मिळाला, रायफली घरी आल्या. परतीच्या आधी सासूबाई हट्टाने क्लबात येऊन मागे खुर्चीवर बसल्या, कानाला मोठे हेडफोन, अंगावर शाल. मी जीव ओतून दहा गोळ्या झाडल्या. मी मागे आल्यावर त्यांनी माझा निशाणाचा कागद मागितला, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"भोकं तीनच दिसतात गं."

"बाकीच्या गेल्या इकडेतिकडे."

"आणि एवढा खांदा काळानिळा करून घेतेस?"

घरी आल्यावर त्यांनी निखिलच्या पोळीवर तूप ओघळेस्तोवर वाढलं, शेजारी खिरीची वाटी ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जेव निवांत. तुला हिच्यापासून काहीही धोका नाही."