जर्मनची होडी

पौषातली सकाळ. धरणावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाण्यावरून सरकत सरकत ते वस्तीत शिरलं होतं आणि चुलींच्या धुरात मिसळून असं दाटलं होतं की समोरच्याचं तोंड दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यावा. असल्या थंडीत देवराम बेंडकुळे कानाला मफलर आवळून अंगणात उकिडवा बसला होता आणि जमीन वाचत होता.

अंगणाच्या मधोमध त्याची होडी पालथी घातलेली. तिच्या भोवतीनं त्यानं चुलीतली राख चाळणीनं चाळून पसरलेली. सांजेला राख पसरायची, सकाळी तिच्यावर कोणाचं पाऊल उठलंय का बघायचं, हाच त्याचा आठवडाभराचा उद्योग.

"ही कोंबडी," तो बोट दाखवत म्हणाला. "हे मांजार. अन् हे?"

"ते तुमचं ढोपर," कुसाबाई चुलीपुढून म्हणाली. "काल राख पसरताना तुम्हीच टेकलं व्हतं. धरा त्याला. न्या चौकीवर."

देवराम हसला नाही. तो होडीच्या नाकापाशी सरकला. तिथं त्यानंच थापलेले डांबराचे दोन काळे टिपके होते. त्यांच्या शेजारी, काल नव्हतं असं, दाभणानं टोचल्यासारखं एक बारीक भोक. त्यानं अंगठा फिरवला. पुन्हा राखेकडं पाहिलं. राखेत माणसाचा पाय नव्हता आणि भोक तर नवंकोरं.

देवरामचा स्वभाव जन्माचाच संशयी. चप्पल घ्यायला गिरणाऱ्याच्या बाजारात गेला तर दुकानदाराला आधी ती घालून चालायला लावायचा. बकरी घेताना तिचे दात बघून झाले की विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. लग्नाच्या पंगतीत आचारी जेवल्याशिवाय हा भाताला हात लावायचा नाही. यष्टी मधेच कुठं थांबली की हा खाली उतरून डायव्हरला विचारणार, "का वं, थांबली का?" अख्खी वस्ती त्याची नक्कल करायची. पण त्याला त्याचं कारण होतं, निदान पाण्यापुरतं तरी. उभी जवानी त्यानं ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून गंगापूर धरणात जाळी टाकण्यात घालवली होती. धरणाच्या पोटात जुन्या बाभळींचे खुंट उभे आहेत. एकदा त्यातल्याच एका खुंटानं ट्यूब फाडली. हा काठाला लागला खरा, पण उजवा खांदा निखळला तो कायमचा. तेव्हापासून त्याला हात मारून पोहता येईना. मासेमारी सोडता येत नाही आणि पाण्यात पडलं तर वर येता येत नाही, असा माणूस संशय घेणार नाही तर काय करणार?

म्हणून त्यानं होडी घेतली. अठ्ठ्याण्णव साल असेल. अंबडच्या भंगार बाजारात कूलरचे पत्रे आणि फुटके पिंप यांच्या ढिगाऱ्यात ती पडली होती. कोण्या फार्महाऊसवाल्यानं हौसेनं आणलेली, हौस फिटल्यावर टाकून दिलेली. अल्युमिनियमची, दोन माणसांना उचलता येईल एवढी. बरोबर लखन होता, कुसाबाईचा पाठचा भाऊ. देवरामनं बोटाच्या पेरानं होडी इकडून तिकडं वाजवत नेली.

"चाचा, फौलाद है फौलाद," भंगारवाला म्हणाला.

"ही तर जर्मन हाय," देवराम म्हणाला. आमच्याकडं बायका अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, तसं. "फौलाद आसती तर मी घेतली आसती व्हय? लखन, बादली आण."

लखननं पिंपातलं पाणी बादलीनं ओतून होडी काठोकाठ भरली. देवराम खाली पालथा पडून तिचं पोट बघत राहिला. थेंब पडेना. भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला.

"लोग नाव पानी में डालते, तुम पानी नाव में डालता."

"पान्याला फशिवता येत नाय," देवराम म्हणाला. "तुला येतं."

घरी आणल्यावर उन्हाळाभर अंगणात ठोकाठोक चालली. फार्महाऊसवाल्यांच्या बसायला असलेला मधला बाक त्यानं कापून काढला, जाळ्याला जागा केली. जाळं ओढतात त्या बाजूच्या काठावर सायकलचा जुना टायर चिरून बसवला, म्हणजे धागा अडकू नये. चकाकी बघून मासा बुजतो म्हणून आतबाहेरून मातकट रंग दिला. नाकाच्या टोकाला सागाचा एक पाट रिव्हेटनं पक्का ठोकला आणि त्यावर बर्फाची पेटी ठेवायची सोय केली. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्यानं आतून घणाचं डोकं टेकवून धरायचं. आतल्याचा हात हलला की रिव्हेट वाकडं झालंच. लखनचा हात कधी हलला नाही. दुपारी दुपारी दोघांच्या कानात दडे बसायचे. मग बोलणं खुणांनीच.

शेजारचा सहादू कुंपणावरून विचारायचा, "देवरामभाऊ, इमान करून ऱ्हायला का?"

"व्हय. तुला न्यायचं नाय त्यात."

"मी बसनार बी नाय. तुमच्या इमानात बसायचं म्हंजी आधी आंग झाडून दाखवाया लागंल."

दोन पावसाळे होडीनं उत्तम काढले. देवराम मागं, लखन पुढं बर्फाच्या पेटीला पाठ टेकून वल्हवायचा. कटला, रोहू लागायचा. मासा टिकावा म्हणून पेटीतल्या बर्फात जाडं मीठ घालायचे. पेटीतलं पाणी ठिबकत पाटाखाली जायचं आणि मग ते दोघं उपसून टाकायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र उपसलेलं पाणी वाढायला लागलं. पेटीतून येतं त्याहून जास्त. होडी पालथी करून बघितली तर नाकाच्या खाली भोक. डांबर लावलं. थोड्या दिवसांनी दुसरं भोक. देवरामच्या मनात तेव्हाच काय ते ठरलं. पत्रा आपोआप भोक पाडून घेत नसतो.

आधी सहादूवर डोळा गेला. पण सहादूला पहाटेचं उठवत नाही, आणि तो आलाच तर मागोमाग त्याचं कुत्रं येणार आणि भुंकून अख्खी वस्ती उठवणार. मग एकेक गोष्ट लखनच्या अंगावर जमायला लागली. लखन मधूनमधून म्हणायचा, "दाजी, दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागात रोज बरा मिळतो म्हनं." म्हणजे ह्याला होडी नको झाली. एकदा देवराम बोलायच्या आधीच लखननं डबा घेऊन पाणी उपसायला घेतलं. म्हणजे पाणी येणार हे ह्याला ठाऊक होतं. जाळी शिवायचं दाभण लखनच्या टोपीत कायम खोचलेलं. आणि लखन मासोळीसारखा पोहतो.

हे सगळं मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण देवराम काठावर बोलला. सगळ्यांचे मासे वजनाला काट्यावर लागायच्या वेळेला, चारचौघांत.

"लखन, टोपीतलं दाभण दाव."

लखननं काढून दिलं. त्याला वाटलं, जाळं शिवायचंय. देवरामनं ते पालथ्या होडीच्या भोकात घातलं. चपखल बसलं.

"हे काय, दाजी?"

"तूच सांग काय ते."

लखनला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचं तोंडच बदललं. "आवं, त्याच भोकावर माझी पाठ आसती. मी जिथं बसतो तिथंच भोक पाडीन व्हय?"

"तू पवतो. मी नाय."

 काट्यावाल्याचा हात थांबला.  लखननं वल्हं वाळूत खोचलं आणि तो घराकडं चालायला लागला. त्या दिवसापासून वस्तीत कोणी त्याला आपल्या फळीवर घेईना. पाण्यावरच्या माणसानं दुसऱ्याची होडी टोचली असं एकदा कानावर आलं की ते खरं का खोटं हे कोण बघत बसतो? आपली ट्यूब त्याच्या हाती द्यायची नाही, एवढंच. संक्रांतीला लखन बहिणीकडं तिळगूळ घेऊन आला नाही.  तेव्हापासून कुसाबाई देवरामला ताट वाढून द्यायची आणि पाठ फिरवून बसायची. लखन बायकोपोरांना घेऊन दिंडोरीकडं कायमचा जाणार, असं दोन दिवसांपासून कानावर येत होतं. तो गेला की कुसाबाईचं माहेर संपलं.

आणि आज राखेत माणसाचं पाऊल नव्हतं, भोक मात्र होतं.

"आता कोन?" कुसाबाईनं विचारलं. तिनं त्याच्याकडं तोंड करून बोलावं असं किती दिवसांनी झालं होतं. "हवंतून आला का माझा भाऊ?"

 देवरामनं होडी उलटून सुलटी केली, नाकात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली वाकला. पाटाच्या बरोबर खालून, एकाच जागेवरून, पाणी पाझरत होतं. दोन्ही जुन्या टिपक्यांतून आणि नव्या भोकातून. बाकी सगळी होडी कोरडी ठाक. टोचणारा एवढी एकच जागा धरून का बसेल?

त्यानं छिन्नी घेतली आणि पाटाची रिव्हेटं तोडली. पाट उचलला.

खाली पांढरं पीठ. ओल्या चुन्यासारखं, गिचगिचीत. बोट लावलं की पत्रा पापडासारखा मोडत होता. आणि त्या पिठाच्या मधोमध, कुजक्या फडक्याच्या चिंध्यांत, हिरवा पडलेला, एक भोकाचा पैसा.

देवरामनं छिन्नी खाली ठेवली.

तो पैसा त्याचाच होता. त्यांच्या घराण्यात नव्या होडीच्या नाकात आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या नावानं तांब्याचा पैसा बसवायची रीत. आजा नदीत लाकडी डोंगी चालवायचा, तेव्हापासूनची. बसवताना दुसऱ्यानं बघायचं नाही. म्हणून त्या दिवशी त्यानं लखनला उगाच पाणी आणायला पिटाळलं होतं. रंगावर देव टेकत नाही म्हणून चाकूनं रंग खरवडून पत्रा उघडा केला, हळद लावलेल्या फडक्यात पैसा गुंडाळून ठेवला आणि वरून पाट ठेवला. लाकडाच्या डोंगीत असला पैसा आज्याच्या हयातीत जसाच्या तसा राहिला होता.

कुसाबाई वाकून बघत होती. तिनं पिठात बोट फिरवलं, चिमटीत चोळलं.

"आवं, जर्मनच्या पातेल्यात चिंच न् मीठ भिजत ठिवलं की आसंच व्हतं. त्यात तांब्याचा पैसा पडला तर इचारूच नगा. म्या एक पातेलं असंच घालवलं व्हतं. तुमी बोंबलला बी व्हता."

देवरामनं वर पाहिलं. डोळ्यांत ती नजर अजून होतीच. "ह्यो पैसा कोनी हलवला तर नसंल?"

कुसाबाई सरळ उभी राहिली. "मी हलवला. झालं? घाला राख माझ्या आंथरुनाभवती."

 देवरामनं थोडं पीठ फडक्यात बांधलं, पैसा मुठीत घेतला आणि तसाच, मफलर कानाला, लखनच्या घराकडं निघाला.

लखन ओसरीवर गोधड्या बांधत होता. बायको आत भांडी पोत्यात भरत होती. देवरामनं मूठ उघडून पुढं केली. जे होतं ते सांगितलं. चुकलो हा शब्द त्यात नव्हता. तो त्याच्या तोंडी कधी आलेलाच नव्हता, सापडला नसावा.

लखननं पैसा हातात घेतला नाही. गाठ मारायचं थांबवलं, एवढंच.

"मला म्हाईत तरी व्हतं का, दाजी, तिथं पैसा हाय ते?"

"नाय."

"मंग आता हे का सांगून ऱ्हायले? वल्हवायला कोनी मिळंना म्हनून?"

 आजवर त्यानं जगाला जसं पाहिलं तसं आता लखन त्याच्याकडं बघत होता. डोळे बारीक करून, नव्या डावाची वाट बघत.

"जिथं बोलला तिथं सांगा," लखन म्हणाला. "काट्यावर."

सांगितलं देवरामनं. धुकं विरायला लागलं होतं, लोक मासे घेऊन लाईनीत उभे होते. पैसा दाखवला, पांढरं पीठ दाखवलं. फडक्यात बांधून आणलं होतं. लोकांनी पीठ हुंगून पाहिलं. सहादूनं नाक मुरडलं.

"भाऊ, बायकूनं जेवाया घालनं बंद केलं काय?"

"नाय रं. खरं सांगतो."

"तुमी? तुमी आन् मेव्हन्याला खरा म्हनता? मंग तर पक्कंच काहीतरी काळंबेरं हाय."

लोक हसले. देवराम तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगायला लागला, पैसा, मीठ, पाट, आणि पिठाचं फडकं एकेकापुढं धरायला लागला. हसणारे एकेक करून गप्प झाले. काट्यावाला म्हणाला, "बरं, आईकलं. सरका आता." पटलं असं कोणी म्हणालं नाही. मागं चिंचेखाली उभं राहून लखननं ते ऐकलं. देवराम त्याच्यापाशी आला.

"जाऊ नको," तो म्हणाला.

"जानार. द्राक्ष उतरंपर्यंत. बोली झाली." लखन पाण्याकडं बघत होता. "आक्काला सांगा, आखाजीला न्यायला यीन."

"अन् होडी?"

"ते आखाजीला बगू. आधी पत्रा लावा तिला. बिनपैशाचा."

लखन गेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण, अजून लांब होता. देवराम घरी आला. कुसाबाई दारातच उभी होती.

"आखाजीला येतो म्हनला."

"कोनाला म्हनला? तुमाला?"

"तुला."

तिनं तोंडावर पदर घेतला आणि आत वळली. जरा वेळानं आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

होडी नाक उघडं टाकून अंगणात पडली होती. पत्रा आणायला सातपूरला जावं लागणार होतं, आज काही व्हायचं नव्हतं. देवरामनं वळचणीचं जाळं ओढलं आणि उन्हात पाय पसरून बसला. धाग्यांत हिरवं शेवाळ गुंतून वाळलं होतं. ते बोटानं एकेक वेढा उलगडून काढत तो शेजारी टाकायला लागला.